कोनाड्यातलं गिऱ्हाईक

सप्टेंबर १९९५. कॅलिफोर्नियात पिएर ओमिद्यार नावाच्या तरुण प्रोग्रॅमरने आपल्या वेबसाइटवर लिलावाची सोय केली. ती चालते का, हे बघायला घरातलीच एक वस्तू विकायला ठेवली: लेझर पॉइंटर. तोही मोडका, आणि मोडका आहे हे स्पष्ट लिहून. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. ओमिद्यारला राहवेना. त्याने घेणाऱ्याला विचारलं, ‘बाबा रे, हा बंद आहे हे वाचलंस ना?’ उत्तर आलं, ‘हो, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो.’

ती वेबसाइट म्हणजे पुढची ईबे. कंपनी हा किस्सा आपल्या जन्मकथेसारखा सांगत आली आहे. ऑनलाइन धंद्याबद्दल बोलणारी माणसंही तो सांगतात आणि तात्पर्य काढतात की जगात प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक आहे, तुम्ही फक्त आपला ‘नीश’ शोधा. तुमच्या फोनवर दिवसातून एखादं तरी रील हे सांगत असेल. हातात माइक, मागे निळा-जांभळा दिवा, आणि ‘फाइंड युअर नीश, गाइज’.

मला या तात्पर्याबद्दल शंका आहे. वस्तूला गिऱ्हाईक असतंच असं नाही. आणि असलं तरी ते सापडल्यावर त्याच्याशी कसं वागायचं, हा मोठा प्रश्न त्या रीलमध्ये येतच नाही. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि एक छोटासा ऑनलाइन धंदाही करते, त्याबद्दल पुढे सांगेन. आधी थोडं मागे जाऊ. हा खेळ इंटरनेटच्या सव्वाशे वर्षं आधीपासून चालू आहे.

भिंतीतली जागा

‘नीश’ हा मूळचा फ्रेंच शब्द. अर्थ, भिंतीतली खोलगट जागा, जिथे मूर्ती ठेवतात. म्हणजे आपला कोनाडा. जुन्या घरात कोनाड्यात पणती असायची, काडेपेटी असायची, एखादा देव असायचा. कोनाड्याचं वैशिष्ट्य असं की त्यात मावेल तेवढंच ठेवता येतं. पण जे ठेवलं ते अंधारातही हाताला लागतं.

हा शब्द जीवशास्त्रात रूढ व्हायला मदत झाली ती १९१७ मध्ये. जोसेफ ग्रिनेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॅलिफोर्निया थ्रॅशर या पक्ष्यावर निबंध लिहिला. हा पक्षी दाट झुडपांच्या रानातच का राहतो, तिथे काय खातो, कसा लपतो, त्याचं शरीर आणि ते रान एकमेकांना कसं जुळलेलं आहे, याला त्याने ‘नीश’ म्हटलं. धंद्याच्या पुस्तकांत हा शब्द आला तो त्यानंतर.

ग्रिनेलच्या अर्थातली गंमत लक्षात घ्या. पक्ष्याचं राहणं आणि रानाचं असणं, दोन्ही मिळून ती जागा तयार होते. ‘२५ ते ३५ वयोगटातल्या, शहरी, इंग्रजी शाळेत शिकलेल्या बायका’ हे वर्णन म्हणजे नुसती खानेसुमारी झाली. कोनाडा कशाने होतो, हे बघायला १८७२ चं शिकागो बरं.

शेतकऱ्यांचा एक कागद

अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड हा फिरता विक्रेता होता. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात खेड्यापाड्यांतून हिंडायचा, दुकानदारांना माल विकायचा. दुकानात बसल्या बसल्या शेतकऱ्यांची कुरकुर त्याच्या कानावर पडायची. गावात दुकान एकच. माल शहरातून चार हात बदलत येणार, प्रत्येक हात आपला नफा काढून घेणार, आणि शेवटी दुकानदार सांगेल तो भाव. निवडीला वाव नाही, उधारी असल्यामुळे बोलायची सोय नाही.

वॉर्डने ठरवलं, माल शहरात रोखीने घ्यायचा आणि रेल्वेने थेट शेतकऱ्याकडे पाठवायचा. त्याने जमवलेला पहिला माल १८७१ च्या शिकागोच्या प्रचंड आगीत जळाला. तरी ऑगस्ट १८७२ मध्ये त्याने यादी काढलीच. एकच कागद, त्यावर १६३ वस्तू आणि त्यांचे भाव.

तो कागद त्याने वाटेल त्याला वाटला नाही. तेव्हा शेतकऱ्यांची ग्रेंज नावाची संघटना जोरात होती. १८६७ मध्ये स्थापन झालेली, रेल्वेचे दर आणि मधले दलाल यांच्याविरुद्ध बोलणारी. तिच्या गावोगाव शाखा होत्या, बैठका होत होत्या. वॉर्डने या ग्रेंजवाल्यांना आपलं गिऱ्हाईक मानलं आणि आपलं दुकान म्हणजे ग्रेंजचंच पुरवठा-दुकान असल्याची जाहिरात केली.

इथे चार गोष्टी जुळून आल्या. या लोकांची अडचण एकच होती. ते एकमेकांना ओळखत होते, म्हणजे एकाला चांगला अनुभव आला की बैठकीत दहांना कळणार. त्यांच्यापर्यंत जायला रस्ता होता: रेल्वे आणि टपाल. चौथी गोष्ट मात्र आयती नव्हती, ती वॉर्डला कमवावी लागली. विश्वास.

न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवायचे, ही कल्पनाच तेव्हा संशयास्पद होती. १८७३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने ग्रेंजवाल्यांना सावध करत वॉर्डला भामटा ठरवणारा मजकूर छापला आणि मग तो मागे घेतला. पुढे गावोगावच्या दुकानदारांनी अशा कॅटलॉगांच्या होळ्याही केल्या. वॉर्डने १८७५ मध्ये जाहीर केलं की माल पसंत पडला नाही तर पैसे परत. आज हे वाक्य आपण वाचतही नाही, इतकं ते सगळीकडे असतं. तेव्हा हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतलेली ती दोरी होती.

स्टेशनमास्तरांची घड्याळं

दुसरी गोष्ट १८८६ ची. रिचर्ड सिअर्स हा मिनेसोटामधल्या नॉर्थ रेडवुड नावाच्या बारक्या स्टेशनवर रेल्वेचा एजंट होता, म्हणजे आपल्या भाषेत स्टेशनमास्तर. वय बावीस-तेवीस. गावातल्या एका सराफाच्या नावाने घड्याळांची पेटी आली. सराफाने ती घ्यायला नकार दिला. पेटी स्टेशनवर पडून. सिअर्सने घड्याळं पाठवणाऱ्या कंपनीकडून ती स्वतःच विकायची परवानगी घेतली.

आता विकायची कोणाला? गावात गिऱ्हाईक असतं तर सराफाने पेटी परत केली नसती. सिअर्सने ती विकली आपल्यासारख्याच माणसांना: लाइनवरच्या दुसऱ्या स्टेशनांवरच्या एजंटांना. त्यांनी आपला थोडा नफा ठेवून ती पुढे विकायची.

ही निवड किती अचूक होती बघा. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ लागू केली. त्याआधी गावोगाव सूर्याप्रमाणे वेगवेगळी वेळ असायची. आता स्टेशनवरची वेळ ती खरी वेळ झाली. घड्याळाबद्दल लोक कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणार, तर स्टेशनमास्तरच्या. त्याच्याकडे तारयंत्र होतं, रोज माणसांची ये-जा होती, आणि नोकरी जाईल या धाकाने तो पैशांना चोख राहणार होता. सिअर्सला हे शोधावं लागलं नाही. तो स्वतः त्याच खुर्चीवर बसला होता.

वर्षभरात त्याने नोकरी सोडली, शिकागो गाठलं, अल्वा रोबक हा घड्याळजी सोबत घेतला. पुढे ‘सिअर्स, रोबक’चा कॅटलॉग इतका जाडजूड झाला की त्यात शिलाई मशीनपासून अख्ख्या घराच्या सुट्या भागांपर्यंत सगळं मिळू लागलं.

या कॅटलॉगने आणखी एक दार उघडलं. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय शेतकऱ्याला गावातल्या गोऱ्याच्या दुकानात शेवटी थांबावं लागे, मिळेल ते घ्यावं लागे, आणि उधारीच्या वहीत नाव अडकलेलं असे. टपालाच्या पाकिटावर कातडीचा रंग दिसत नाही. कॅटलॉगमधून मागवलं की रांगेत मागे उभं राहायची, दुकानदाराच्या नजरा झेलायची गरज नाही. सिअर्सने काही समाजसेवा म्हणून हे केलं नव्हतं. पण ज्या माणसाला दुकानात माणूस म्हणून किंमत नव्हती, त्याला कॅटलॉगमध्ये सगळ्यांचाच भाव लागू होता.

विजेचा पट्टा

इथे थांबलो तर ही गोष्ट फार गोड होईल. त्याच सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायडेलबर्ग इलेक्ट्रिक बेल्ट नावाची वस्तू होती. कमरेला बांधायचा विजेचा पट्टा. कशासाठी, तर पुरुषांची ‘कमजोरी’ घालवायला. सोबत नाना तऱ्हेची औषधं, व्यसन सोडवायची, अशक्तपणाची.

आता ते चार निकष लावून बघा. एकच अडचण? होती. पोचायला रस्ता? होता. विश्वास? कॅटलॉगच्या नावाने मिळालेला होताच. एकमेकांशी ओळख तेवढी नव्हती, आणि तेच सोयीचं होतं. शरमेने झाकलेली अडचण माणूस दुसऱ्याजवळ बोलत नाही, त्यामुळे पट्ट्याने काही होत नाही हेही कोणी कोणाला सांगत नाही. तसंच टपाल, तसंच बंद पाकीट. एकाला त्याने अपमानातून सोडवलं, दुसऱ्याला एकटं गाठून फसवलं.

आपल्याकडेही जुन्या वर्तमानपत्रांचे अंक चाळा. शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती पानोपानी दिसतील. भारतात टपालाने व्हीपीपीची सोय १८७७ मध्ये सुरू झाली आणि मनीऑर्डर १८८० मध्ये. वस्तू दारात आल्यावर पैसे द्यायचे, ही कॅश ऑन डिलिव्हरी आपल्या खापरपणज्यांनी वापरलेली आहे. त्यातून पुस्तकं आली, बियाणं आलं, आणि गोळ्याही आल्या.

म्हणजे कोनाडा शोधता येणं हे कौशल्य झालं. त्यात काय ठेवायचं, हे त्या कौशल्यातून ठरत नाही.

नांगर आणि ‘स्त्री’

आता आपल्या घरची गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं, तेव्हा यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये त्यांनी आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडायचे, रामुअण्णा त्या विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. हे शिकवणं लक्षात ठेवा. गिऱ्हाईकच नसेल तर ते घडवावं लागतं.

पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमिनीला विष चढतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. शेतकऱ्याला हसणं सोपं आहे. पण जमीन एकच, पाऊस एकदाच, आणि प्रयोग फसला तर घरच्यांनी खायचं काय? त्याची शंका अडाणी नव्हती. तिला उत्तर देण्याइतका पुरावा अजून कोणी त्याच्या बांधावर नेला नव्हता. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या माळावर जागा दिली. मार्च १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

मला या कारखान्यातलं सर्वांत नवलाचं उत्पादन वाटतं ते कागदाचं. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कंपनीची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारं घरचंच पत्रक. आजच्या भाषेत कंपनीचं न्यूजलेटर. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. स्वतः चित्रकार. त्यांच्या हातात पत्रक पत्रक राहिलं नाही. त्यात उद्योगावरचे लेख आले, विज्ञाननिष्ठेवरचे आले, गोष्टी आल्या, आणि ते नुसतं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’.

‘स्त्री’चा विचार धंद्याच्या नजरेने करा. १९३१ च्या जनगणनेत भारतात दर शंभर बायकांत जेमतेम तीन साक्षर होत्या. कोणताही सल्लागार म्हणाला असता, बाजारच नाही. त्यातून मासिक निघणार कारखान्याच्या वाडीतून, पोचणार टपालाने. स्त्रियांसाठीची मासिकं त्याआधीही मराठीत निघाली होती. तरी ‘स्त्री’ टिकलं, पिढ्यान् पिढ्या टिकलं.

का टिकलं? मला वाटतं, या बायकांना साक्षर ठरवून मोजलं तर त्या मूठभर होत्या. पण त्यांची अडचण एक होती: शिकलेलं डोकं आणि त्याला बोलायला जागा नाही. वाचायला येतं, पण आपल्याबद्दल लिहिलेलं वाचायला मिळत नाही. टपालाने येणारं मासिक थेट घरात येत होतं, माजघरापर्यंत. आणि एक अंक एकजण वाचत नव्हती. शेजारी जायचा, माहेरी जायचा, सुट्टीत आलेल्या भाचीच्या हाती लागायचा.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्यांना ‘वाचक’ म्हणून शोधलं होतं, त्याच जगातून लिहिणाऱ्या आणि संपादन करणाऱ्या बायका आल्या. विद्या बाळ १९६४ मध्ये ‘स्त्री’त आल्या, १९८० च्या दशकात संपादक झाल्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. लोखंडी नांगरांच्या कारखान्याने उघडलेल्या कोनाड्यातून स्त्री-चळवळीचं एक व्यासपीठ निघालं. हे कोणत्याही धंद्याच्या आराखड्यात बसत नाही. गिऱ्हाइकाला बोलू दिलं की ते असं कुठेही जातं.

माझे मोडीवाले

आता माझा धंदा. मी ऑनलाइन मोडी शिकवते. आधी वरची आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं, शक्यतो हात न उचलता. मराठीचा सरकारी आणि खासगी व्यवहार शतकानुशतकं या लिपीत झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून गेली. त्यामुळे आपल्या आज्ज्याने केलेलं खरेदीखत आपल्याला वाचता येत नाही, अशी विचित्र अवस्था लाखो घरांत आहे. मोडीचे वर्ग राज्याचं पुराभिलेख खातं घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही शिकवतात. मी आठवड्यातून दोनदा रात्री नऊ वाजता लॅपटॉप उघडून बसते.

पहिल्या वर्गात अकरा जण होते. त्यांतले दोघे इतिहासाचे विद्यार्थी. बाकी नऊ जणांच्या घरात कागद होते. कोणाची ट्रंकेतली इनामाची सनद, कोणाचं गहाणखत, एका नर्सबाईंकडे पणजीने माहेरी लिहिलेली चार पत्रं. एक वकील होते, त्यांना जमिनीच्या दाव्यातलं मोडी दुसऱ्याच्या भरवशावर सोडायचं नव्हतं. तेव्हाच मला कळलं की माझा कोनाडा ‘इतिहासप्रेमी’ हा नसून ‘घरात न वाचलेला कागद असलेली माणसं’ हा आहे. मी जाहिरातीचं वाक्य बदललं: ‘ट्रंकेत कागद आहे?’ एवढंच. फीमध्ये माझं घरभाडं सुटू लागलं.

मग २०२३ आलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दफ्तरांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. १९६७ पूर्वीचे दस्त, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळेची रजिस्टरं, त्यातलं बरंच मोडीत. एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. माझा फोन सकाळी सात वाजता वाजू लागला.

ओळखीचा एकजण, स्वतः ऑनलाइन मार्केटिंग करणारा, म्हणाला, ‘हीच वेळ आहे. पानाचा दर तिप्पट कर. लोक देतील.’ देतीलच, यात शंका नव्हती. मुलाचा प्रवेश अडलाय, मुदत जवळ आलीय, तो माणूस दर विचारत नाही.

त्या दिवसांतला एक फोन सांगते. बीडकडचे गृहस्थ होते. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका पानाचा फोटो पाठवला. मी वाचला. त्यात त्यांच्या पणजोबांचं नाव होतं, शेताची चतुःसीमा होती, साक्षीदारांची नावं होती. जातीचा उल्लेख नव्हता.

‘ताई, नीट बघा ना. कुणबी लिहिलं असंल कुठंतरी.’

‘दोनदा बघितलं, काका. या कागदात नाही. दुसरे काही कागद आहेत का?’

थोडं थांबून ते म्हणाले, ‘तुम्ही लिहून दिलं तर कोण बघतंय? मोडी कुणाला येतंय? पैशाचं काय ते सांगा.’

मी म्हटलं, ‘काका, उद्या हा कागद दुसरं कोणी वाचेल. तेव्हा पोरगं अडचणीत येईल.’

ते रागावले नाहीत. ‘बरं, ताई. पणजाचं नाव तरी वाचता आलं,’ एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते लबाड होते असं मला वाटत नाही. कारण त्या दिवसांत लिपी येणं म्हणजे काय ताकद होती, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं: मी जे म्हणेन ते त्या कागदात. हायडेलबर्गचा पट्टा विकणाऱ्याला हीच ताकद होती. अडलेल्या माणसाला जे ऐकायचंय ते विकणं, हा जगातला सगळ्यात फायद्याचा कोनाडा आहे.

मी पानाचा दर तोच ठेवला. शिकवणीची फी मात्र वाढवली, कारण शिकायला येणाऱ्याकडे वेळ असतो, निवड असते, तो नाही म्हणू शकतो. या दोन गिऱ्हाइकांत हा फरक आहे आणि तो माझ्या हिशेबाच्या वहीत दिसला पाहिजे, असं मला वाटतं. त्या वर्षी माझं किती उत्पन्न बुडालं, याचा आकडा तो मार्केटिंगवाला अजूनही काढून दाखवतो.

हजार माणसं

इंटरनेटने या सगळ्यात नेमकं काय बदललं? कोनाडे वाढले नाहीत, ते दिसू लागले. जेफ बेझोसने १९९४ मध्ये ऑनलाइन विकायला पुस्तकं निवडली, कारण जगातली सगळी पुस्तकं मावतील असं दुकान बांधताच येत नाही, यादी मात्र करता येते. सुरुवातीला घाऊक विक्रेते एका वेळी किमान दहा प्रती मागवायची अट घालत. बेझोस सांगतो, आम्ही हवं ते एक पुस्तक मागवायचो आणि नऊ प्रती लायकेनवरच्या एका आडबाजूच्या पुस्तकाच्या, जे यादीत होतं पण साठ्यात कधीच नसायचं. अट पुरी व्हायची, येताना एकच पुस्तक यायचं. लायकेन म्हणजे आपलं दगडफूल. गोडा मसाल्यातलं दगडफूल अ‍ॅमेझॉनच्या पायाभरणीत आहे, हे मला फार आवडतं.

२००४ मध्ये क्रिस अँडरसनने ‘वायर्ड’ मासिकात ‘लाँग टेल’ची कल्पना मांडली. थोड्या लोकप्रिय वस्तूंचा खप एकीकडे, आणि असंख्य आडवाटेच्या वस्तूंचा थोडा थोडा खप दुसरीकडे. ही दुसरी बाजू एकत्र केली तर मोठा बाजार होतो. पण नीट बघा, ती बेरीज कोणाच्या हातात पडते? ज्याच्याकडे सगळ्या शेपट्या आहेत त्याच्या, म्हणजे दुकानाच्या मालकाच्या. शेपटीतल्या एका वस्तूवर जगणाऱ्याला त्या बेरजेतलं फारसं काही मिळत नाही.

या दुसऱ्या माणसासाठी केविन केलीने २००८ मध्ये सोपा हिशेब दिला. तुमच्यावर खरा जीव असलेली हजार माणसं मिळवा. प्रत्येकाने वर्षाला १०० डॉलर दिले की एक लाख डॉलर झाले, पोट भरतं. हा आकडा सगळ्यांना आठवतो. त्याची अट आठवत नाही: ती माणसं थेट तुमची हवीत, पैसे मधल्या कोणामार्फत झिरपत येता कामा नयेत.

आज आपले फॉलोअर दहा हजार असोत की लाख, ते ज्या अ‍ॅपवर आहेत त्याचे आहेत. अ‍ॅपने उद्या नियम बदलला की आपलं गिऱ्हाईक दिसेनासं होतं. १८७२ मध्ये शेतकऱ्याच्या आणि शहराच्या मधे चार हात होते, म्हणून वॉर्डने तो कागद छापला. दीडशे वर्षांनी आपण स्वतः होऊन एक फार मोठा हात मधे घेतला आहे. म्हणून माझ्याकडे विद्यार्थ्यांच्या फोन नंबरांची एक साधी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. हसा खुशाल.

शेवटचा कॅटलॉग

सिअर्सने आपला तो जाडजूड कॅटलॉग १९९३ मध्ये बंद केला. छपाईचा खर्च परवडेना, दुकानं मोठी झाली होती. पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनची स्थापना झाली. न पाहिलेल्या माणसाला घरपोच माल पाठवायची शंभर वर्षांची सवय, पत्त्यांच्या याद्या, गोदामं, सगळं ज्या कंपनीकडे होतं, तिने ते नेमकं त्या वेळी सोडलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याचं कारण सांगताना लोक तंत्रज्ञानाबद्दल बोलतात. मला नॉर्थ रेडवुडचं स्टेशन दिसतं. तिथे बसलेल्या पोराला घड्याळ कोणाला हवंय हे कळलं, कारण तो त्यांच्यातलाच एक होता. कंपनी पुढे इतकी मोठी झाली की तिच्या वरच्या मजल्यावरून कोणी स्टेशनमास्तर दिसत नव्हता.

तुम्ही काही विकायला निघाला असाल, मसाले, क्रोशाच्या पिशव्या, गिटारचे धडे, काहीही, तर वयोगट आणि शहरं नंतर लिहा. आधी एवढंच लिहा: ही माणसं कुठे अडली आहेत, ती एकमेकांशी बोलतात का, आणि मी खोटं बोललो तर त्यांना कळायला किती वेळ लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘फार वेळ’ असेल, तर तुमचा कोनाडा भरपूर पैसे देईल. अशा वेळी तो पट्टा आठवा, आणि १८७५ चं वॉर्डचं वचनही आठवा. दोन्ही माल एकाच टपालाने जात होते.